शिवराई, भोकाचा पैसा आणि एक सेंट
लहान नाण्यांतून वाचायचा इतिहास

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात नाण्यांची चित्रे येतात ती बहुधा सोन्याची वा चांदीची. राजाची मुद्रा, त्याची बिरुदे, त्याच्या देवता यांची माहिती अशा नाण्यांवरून मिळते. परंतु बाजारात भाजी घेताना, नावाड्याला उतराई देताना किंवा मजुराची रोजची मजुरी चुकवताना जी नाणी हातोहात फिरली, ती तांब्याची होती. ती झिजली, मोडीत गेली, पोरांच्या खेळात हरवली. आणि तरीही गावोगावी पितळी डब्यात किंवा देवघराच्या खणात त्यांपैकी थोडी शिल्लक असतात. ही लहान नाणी जमवून त्यांचा अभ्यास कसा करता येईल, हे आपण शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांच्या निमित्ताने पाहू.

तांबे आले कोठून?

या परिसराची जमीन बेसाल्ट खडकाची. या खडकात तांब्याचे खाणकाम करण्याजोगे साठे नाहीत. म्हणजे येथे सापडणारा तांब्याचा प्रत्येक कण बाहेरून आलेला आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तेथे ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांकडे तांबे होते, पण बेताचेच. रोजच्या कापण्या-सोलण्यासाठी ते दगडी पात्यांवरच भिस्त ठेवत. सतराव्या-अठराव्या शतकांत हिंदुस्थानच्या बाजारात समुद्रमार्गे येणाऱ्या तांब्यात डच व्यापाऱ्यांनी आणलेल्या जपानी तांब्याचाही वाटा होता. तेव्हा नदीकाठी नांगराला लागलेला एखादा तांब्याचा पैसा म्हणजे दूरच्या व्यापाराचाही पुरावा असतो.

शिवराई

या भागातील जुन्या घरांत हमखास आढळणारे नाणे म्हणजे शिवराई. शिवाजी महाराजांनी 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हे नाणे पाडले. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे. महाराजांच्या निधनानंतरही त्याच नावाने शिवराया पाडल्या जात राहिल्या आणि पेशवाई बुडाल्यावरही कित्येक वर्षे त्या बाजारात चालल्या. त्यामुळे ‘शिव’ हे अक्षर दिसले म्हणजे नाणे शिवकालीनच, असे समजू नये. अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती नंतरच्या काळातील ‘दुदांडी’ शिवराई होय.

शिवराई हातोड्याने ठोकून पाडलेली असे. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे एका नाण्यावर सगळा मजकूर क्वचितच उमटतो. कोणावर ‘राजा’ दिसतो, कोणावर फक्त ‘त्र’ आणि ‘ति’. वर्गातील चार-पाच मुलांनी घरच्या शिवराया आणल्या, तर त्यांचे ठसे कागदावर काढून मूळ ठशावरील पूर्ण मजकूर जुळवता येतो. तुटक पुराव्यांवरून पूर्ण चित्र उभे करण्याचा हा उत्तम पाठ आहे, आणि त्याला खर्च काहीच नाही.

शेतकऱ्याला दोन धातूंशी व्यवहार करावा लागे. बाजारात तांबे फिरे. सारा आणि मोठे देणे यांचा हिशेब चांदीच्या रुपयांत होई. एका रुपयाला किती पैसे, हा भाव पेशवाईत ठरलेला नसे. तो धातूच्या उपलब्धतेप्रमाणे आणि गावोगावच्या सराफाप्रमाणे बदले. नाणे बदलून देताना सराफ बट्टा कापून घेई. हा बट्टा सर्वांत जास्त जाचे तो ज्याच्याकडे फक्त तांबेच आहे त्याला.

रुपयात किती तांबे?

कंपनी सरकारने 1835 मध्ये आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. एका रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै. आता चौसष्ट पैसे म्हणजे एक रुपया हे प्रमाण कायद्याने ठरले. याचा एक परिणाम असा, की पैशात किती तांबे आहे हे आता महत्त्वाचे राहिले नाही. सरकारने त्यावर लिहिलेली किंमत म्हणजे दर्शनी किंमत. आतल्या धातूची किंमत वेगळी, आणि ती दर्शनी किमतीहून कमी असली तरी चालते. उलट ती जास्त झाली, तर लोक नाणी वितळवू लागतात.

हे वजनांवरूनच पाहता येते. 1835 च्या पैशाचे (त्यावर ‘पाव आणा’ असे लिहिलेले असे) ठरलेले वजन 100 ग्रेन, म्हणजे सुमारे 6.5 ग्रॅम होते. 1906 पासून तांब्याऐवजी कांसे आले आणि वजन 75 ग्रेन, म्हणजे 4.9 ग्रॅमच्या आसपास झाले. 1943 चा भोकाचा पैसा सुमारे 2 ग्रॅमचा. 1957 चा नया पैसा 1.5 ग्रॅमचा. 1965 चा ॲल्युमिनियमचा चौकोनी पैसा फक्त 0.75 ग्रॅमचा.

विद्यार्थ्यांना यावर एक गणित घालावे: एका रुपयाच्या सुट्ट्या पैशांत किती ग्रॅम धातू? 1835 मध्ये 64 × 6.5, म्हणजे सुमारे 415 ग्रॅम. 1906 नंतर सुमारे 310. भोकाच्या पैशाच्या वेळी 125 च्या आसपास. नया पैसा हलका, पण रुपयाचे आता शंभर पैसे, म्हणून 150. आणि ॲल्युमिनियमच्या वेळी 75 ग्रॅम, तेही तांबे नव्हेच. सव्वाशे-दीडशे वर्षांच्या अर्थशास्त्राचा हा आलेख काढायला साधा तराजू पुरेसा आहे. हातात आलेले जुने नाणे यापेक्षा हलके भरेल. ती तूट म्हणजे झीज. ते नाणे किती हातांतून गेले याची खूण.

1943: मुंबई आणि फिलाडेल्फिया

परदेशी गेलेल्या नातलगांमुळे आपल्याकडच्या डब्यांत कधी अमेरिकेचा सेंटही सापडतो. तो बाजूला टाकू नये, कारण तो हीच कथा दुसऱ्या बाजूने सांगतो. अमेरिकेने 1792 च्या कायद्याने डॉलरचे शंभर सेंट केले. सुरुवातीचा सेंट तांब्याचा आणि चांगला जाडजूड होता. 1857 मध्ये तो बंद होताना त्याचे वजन 10.9 ग्रॅम होते. 1864 मध्ये कांशाचा 3.1 ग्रॅमचा सेंट आला.

पुढे दुसरे महायुद्ध आले. तोफगोळ्यांच्या व काडतुसांच्या आवरणांसाठी तांबे हवे होते. म्हणून 1943 मध्ये अमेरिकेने सेंट पोलादाचा केला आणि त्यावर जस्ताचा मुलामा दिला. त्याच वर्षी हिंदुस्थानात पैशाच्या मधोमध भोक पडले. येथे सुट्ट्या पैशांची भयंकर टंचाई होती. लोक नाणी दडवून ठेवत आणि काही संस्थानांनी तर सुट्ट्या पैशांऐवजी कागदी चिठ्ठ्या काढल्या होत्या. तांबे कमी आणि पैसे जास्त हवेत, यावर अमेरिकेने धातू बदलण्याचा उपाय केला, तर आपल्याकडे नाण्याचा मध्यभागच काढून टाकण्याचा. मागणी एवढी होती की लाहोरला नवी टांकसाळ चालू झाली. तिच्या नाण्यांवर ‘एल’ हे इंग्रजी अक्षर असते. लाहोरचा पैसा दौंड जंक्शनच्या बाजारात सहज येत असे. चार वर्षांनी ते शहर दुसऱ्या देशात गेले.

पोलादी सेंट लोहचुंबकाला चिकटतो, कांशाचा चिकटत नाही. आपल्याकडील 1957 नंतरच्या 25 नया पैशांचे नाणे शुद्ध निकेलचे असल्याने तेही चिकटते. परंतु तीन भाग तांबे व एक भाग निकेल अशा मिश्रधातूचे नाणे चिकटत नाही. निकेल तर दोन्हींत आहे, मग असे का? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. चुंबकत्व हा निकेलच्या अणूंच्या परस्परसंबंधांतून येणारा गुण आहे. तांब्याचे अणू मध्ये आले की तो संबंध दुबळा होतो आणि नेहमीच्या तपमानाला चुंबकत्व उरत नाही.

नया पैसा

1 एप्रिल 1957 रोजी भारतात दशमान नाणी आली. चार आण्यांचे पंचवीस पैसे सरळ होतात. पण एका आण्याचे सव्वा सहा. सरकारी तक्त्यात एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा आणि तीन आण्यांना एकोणीस नये पैसे धरले होते. एक आण्याची वस्तू तीनदा घेतली तर अठरा पैसे, एकदम तीन आण्यांची घेतली तर एकोणीस! अपूर्णांकाची जवळच्या पूर्णांकात मांडणी करताना चूक कशी साठते, याचे याहून जिवंत उदाहरण मिळणे कठीण. ते दिवस अनुभवलेली माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्या वेळी दुकानात काय वाद झाले, हे मुलांनी त्यांनाच विचारून लिहून ठेवावे.

आता ही लहान नाणीच संपत आहेत. भारतात 25 पैसे आणि त्याहून लहान नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. अमेरिकेत एक सेंट पाडायला साडेतीन सेंटांहून जास्त खर्च येऊ लागला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये चलनासाठीचा शेवटचा सेंट फिलाडेल्फियात पाडला गेला.

संग्रह कसा करावा?

पहिला नियम : नाणे घासू नये. चिंच किंवा राख लावून तांबे लखलखीत होते, पण त्यावरचा ऑक्साइडाचा व कार्बोनेटाचा थर निघतो आणि त्याबरोबर अक्षरांच्या कडाही जातात. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसावी, इतकेच.

दुसरा नियम : प्रत्येक नाण्यासोबत चिठ्ठी ठेवावी. कोणत्या गावी, कोणाच्या घरी किंवा कोणत्या शेतात मिळाले, वजन किती, व्यास किती. ठिकाण माहीत नसलेली शिवराई हा निव्वळ तांब्याचा तुकडा आहे. ठिकाण माहीत असलेल्या वीस शिवराया नकाशावर मांडल्या तर जुन्या बाजारवाटा दिसू लागतात.

तिसरा नियम कायद्याचा. जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. घागर फोडून नाणी वाटून घेतली की इतिहासाचे एक पान कायमचे जाते. कोणती नाणी एकत्र होती, यावरूनच ती केव्हा पुरली हे कळते.

आणि शेवटी, जुन्या पैशाला लाखो रुपये मिळतात या जाहिरातींपासून विद्यार्थ्यांना सावध करावे. रिझर्व्ह बँकेने आपल्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल 2021 मध्ये लोकांना इशारा दिला होता. सर्वसाधारण शिवराई किंवा भोकाचा पैसा लाखो प्रतींत पाडला गेला. त्याला मोठी किंमत येत नाही. म्हणूनच तो शाळेच्या हाती राहू शकतो. येत्या वर्षी आपल्या शाळेत एक तराजू, एक पट्टी, एक लोहचुंबक आणि एक वही एवढ्यावर असा संग्रह सुरू करावा, असे आम्ही सुचवतो. डबे आज मोडीत जात आहेत. दहा वर्षांनी त्यांत पाहण्यासारखे काही उरेलच असे नाही.