धोटा आणि कौशल्य

कारखानदार म्हणतात, कुशल कामगार मिळत नाहीत. मी इतिहासाला विचारतो : कौशल्य शिकू कुणाला दिले? मुंबईच्या कापडगिरण्यांत विणाई खात्यात पगार जास्त. तेथे अस्पृश्यांना मज्जाव. कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून धोट्यातून काढावा लागे; आमच्या उष्ट्याने सवर्ण कामगार बाटत! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे खाते खुले करण्याची मागणी केली. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धामुळे तंत्रज्ञांची टंचाई होती, आणि तांत्रिक शिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. पुढे १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला; अनुसूचित जातींसाठी राखीव जागा मात्र १९७३ च्या दुरुस्तीने आल्या. म्हणून टंचाईची तक्रार करणाऱ्याने आधी सांगावे : शिकाऊ म्हणून आपण कुणाची मुले घेतली?