वारेचं कूळ

अमरावतीचं डफरीन असो की अकोल्याचं लेडी हार्डिंग, बाळंतपणानंतर वार पडली की सिस्टर ती ट्रेमध्ये पसरून न्याहाळतात. सगळे खंड शाबूत आहेत ना, एखादा तुकडा आत राहिला नाही ना? मग अर्ध्या किलोच्या आसपासचा तो गोळा पिवळ्या पिशवीत जातो. पूर्वी घरी तो श्रद्धेनं पुरत. त्या श्रद्धेला शोभेल असंच वारेचं कूळ आहे.

सुरुवातीला वारेच्या पेशी सुट्या असतात. पुढे त्या एकमेकींत मिसळून सलग पडदा तयार होतो. मधे एकही भिंत उरत नाही. आईच्या रक्तात भिजलेला हा पडदा बाळाला प्राणवायू आणि अन्न पोचवतो, जंतूंना अडवतो. गरोदरपणाच्या चाचणीत दिसणारं एचसीजीही तोच बनवतो.

पेशींना जोडणारं प्रथिन म्हणजे सिन्सिटिन-१. त्याची ओळख २००० साली पटली. त्याचं जनुक आपल्या सातव्या गुणसूत्रावर आहे, पण ते मूळचं एका रेट्रोव्हायरसचं. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी तो विषाणू आपल्या वानरपूर्वजांच्या बीजपेशींत शिरला आणि वंशात उतरला. पेशीला चिकटून आत घुसायला तो जे प्रथिन वापरी, त्याचंच जनुक शाबूत राहिलं. बाकीची निकामी झाली. सिन्सिटिन-२ असंच आलं, पण त्याहून जुनं. या दोन्हींना कामाला लावणारं जीसीएम१ जनुक मात्र घरचंच. त्याचा भाऊबंद १९९५ साली फळमाशीत सापडला. तिथे तो मज्जासंस्थेतल्या पेशी घडवतो.

गोठ्यात गाय व्याल्यावर पडणाऱ्या जाराचीही कथा अशीच. गाईमेंढ्यांतलं सिन्सिटिन-रम१ फ्रेंच संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. तेही विषाणूचंच, पण वेगळ्या विषाणूचं, वेगळ्या काळी आलेलं. बाईची वार आणि गाईचा जार यांच्या वाटा निराळ्या, युक्ती एकच.

ही युक्ती फसली तर आईच्या जिवाशी येतं. प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून झटक्यांपर्यंत नेणारा आजार, वारेतूनच उपजतो. अशा वारांत सिन्सिटिन-१ कमी आढळलं आहे. खरा इलाज प्रसूतीच. सुरुवातीला बाईला काहीच जाणवत नाही. म्हणून मेळघाटातल्या पाड्यावर असो की अकोल्यात, प्रत्येक तपासणीला बीपी मोजलंच पाहिजे. आत वारेचं काय चाललंय, हे बाहेरून कळायची ती सगळ्यात सोपी खूण आहे.