टेलिफोनने सोडलेला प्लग

हेडफोनच्या तारेच्या टोकाला जो प्लग असतो, त्याचं माहेर टेलिफोनचं आहे. १८७८ साली अमेरिकेतल्या न्यू हेवन इथे पहिलं व्यापारी टेलिफोन केंद्र सुरू झालं. पुढे अशी केंद्रं शहरोशहरी निघाली आणि दोन ग्राहकांच्या तारा हाताने जोडण्यासाठी ऑपरेटरच्या हातात पाव इंच जाडीचा, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा प्लग आला. खोचला की बोलणं सुरू, उपटला की बंद. सुरुवातीला या कामावर पोरं होती. १ सप्टेंबर १८७८ रोजी बॉस्टनमध्ये एमा नट रुजू झाल्या आणि मग हे काम बायकांचंच म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्याच मापाचा प्लग आज गिटारला लागतो.

हे सगळं वाचण्याचं निमित्त मात्र घरगुती होतं. अब्बांनी कुवेतहून आणलेला जपानी स्टिरिओ रिसीव्हर आमच्या घरी आहे. कॅसेट प्लेयर कधीच निवृत्त झाला, रेडिओ आता फोनवरच ऐकला जातो. त्यामुळे रिसीव्हर भंगारात द्यावा असा घरात ठराव मांडला गेला होता. मी एवढंच विचारलं, की फोन याला जोडला तर? शाळेतल्या पोरांना विचारलं तर उत्तर एका शब्दात आलं, "ब्लूटूथ, सर!" पण ब्लूटूथ म्हणजे काय हे त्या रिसीव्हरला माहीतच नाही. त्याच्या पाठीमागे आहेत गोल खाचांच्या जोड्या, एक लाल, एक पांढरी. एका जोडीखाली लिहिलंय 'फोनो', दुसरीखाली 'ऑक्स'.

या खाचांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानची ध्वनिमुद्रणं झाली तेव्हा विजेचा संबंधच नव्हता. गाणाऱ्याने कर्ण्यात गायचं आणि ऐकणाऱ्याने कर्ण्यातूनच ऐकायचं. १९२५ नंतर विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, पाठोपाठ विजेवर चालणारा पिकअप आला. तोवर दिवाणखान्यात रेडिओ येऊन बसलेला होता आणि त्याच्या पोटात अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर तयारच होते. मग तबकडीचा आवाज रेडिओतूनच का काढू नये? त्यासाठी आरसीए कंपनीने १९३० च्या दशकात एक स्वस्त, साधा प्लग बाजारात आणला. आरसीए हे त्याचं नाव आजही टिकून आहे. म्हणजे घरातल्या छोट्या यंत्राचा आवाज मोठ्या यंत्रातून कसा काढायचा, हा आपला प्रश्न आपल्या आजोबांच्या पिढीचाच आहे.

'फोनो' पाहून फोन तिथे लावण्याचा मोह होतो. लावू नका. ती खाच फोनोग्राफची, तबकडीची आहे. तबकडीच्या सुईकडून जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट येतात, म्हणून ती खाच आवाज प्रचंड वाढवते. शिवाय तबकडी कापताना खर्ज दाबून वरचे सूर चढवलेले असतात, ते ती उलटे करून सरळ करते. फोनचा संकेत शेकडो मिलिव्होल्टचा. तो तिथे दिला तर फाटका, घुमणारा आवाज येईल. फोनची जागा 'ऑक्स'.

आता फोनच्या बाजूला या. ट्रान्झिस्टर रेडिओच्या काळात तो टेलिफोनचा प्लग बारीक होऊन ३.५ मिलिमीटरचा झाला. १ जुलै १९७९ रोजी जपानात वॉकमन विक्रीला आला आणि तो घरोघरी पोचला. मधे एक जादा कडी आल्याने एकाच प्लगमधून डावा आणि उजवा आवाज जाऊ लागला. मग २०१६ मध्ये आयफोन ७ ही खाच न ठेवताच आला आणि बाकीच्या कंपन्यांनीही हळूहळू तोच रस्ता धरला. टेलिफोनसाठी जन्मलेला प्लग टेलिफोननेच घराबाहेर काढला. इतिहास शिकवताना असे योग हाती लागले की मला राहवत नाही.

ब्लूटूथचा जन्म १९९४ च्या सुमाराचा, स्वीडनच्या एरिक्सन कंपनीतला. नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाचं. त्याने विखुरलेली टोळकी एकत्र आणली, तसं हे तंत्र यंत्रांना एकत्र आणेल असा हिशेब. मूळ हेतू छोट्या तारा हटवण्याचा. स्टिरिओ संगीताची सोय नंतर जोडली गेली. हवेतून पाठवण्याआधी आवाज आवळावा लागतो. सीडीवर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट असतात. ब्लूटूथची प्रत्येक यंत्रात असणारी एसबीसी पद्धत सहसा ३२८ पर्यंत जाते.

पण यावरून तार श्रेष्ठ असा फतवा मी काढणार नाही. माझ्या फोनमध्ये जे आहे, त्यातलं बरंचसं अब्बांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलं: मुशायरे, कव्वाल्या आणि एका कॅसेटवर दादाजानचं तरन्नुम. टेपची खरखर इतकी आहे की आवळल्याने झालेला तोटा माझ्या कानाला कळणं कठीण. माझं कारण वेगळं आहे. ब्लूटूथसाठी रिसीव्हरला एक डबी लावावी लागते. तिला वेगळी वीज, तिची फोनशी जोडणी, आणि मधेच कुणाचा कॉल आला की दादाजान गप्प! तारेवरही कॉल येतो म्हणा, पण घरातला बिनसिमचा जुना फोन त्या कामाला ठेवला की तो प्रश्नही मिटतो. व्हिडिओ पाहताना ओठ आणि शब्द वेगळे पडत नाहीत, हा तारेचा आणखी एक फायदा.

तेव्हा आम्ही टाइप-सीचा अ‍ॅडॉप्टर घेतला. घेताना एक बघा: त्यात डॅक चिप हवी, म्हणजे फोनमधले आकडे पुन्हा आवाजाच्या संकेतात बदलणारी. बिनचिपचे स्वस्त अ‍ॅडॉप्टर पुष्कळ फोनवर मुके राहतात. त्याला ३.५ मिलिमीटरकडून लाल-पांढऱ्या आरसीएकडे जाणारी तार. जोडताना रिसीव्हर बंद. फोनचा आवाज जवळपास पूर्ण ठेवायचा आणि पुढचं सगळं रिसीव्हरच्या मोठ्या गोल बटणावर.

दादाजानचं तरन्नुम मुलांनी पहिल्यांदा मोठ्या स्पीकरवर ऐकलं. धाकटीने विचारलं, मागे कोण खोकतंय? अम्मी म्हणाली, ते तुझे पणजोबांचे दोस्त. भंगाराचा ठराव बारगळला. बेगमची आता तक्रार आहे ती फक्त तारेच्या लांबीची. दीड मीटरची तार सोफ्यापर्यंत पोचत नाही, तीन मीटरची आणायची आहे.