आमिष: काशीच्या इतिहासातील एक प्रश्न

काशीचा राजा ब्रह्मदत्त याच्या उद्यानात संजय नावाचा एक माळी होता. त्या उद्यानात एक वातमृग, म्हणजे वाऱ्याच्या वेगाने पळणारे हरिण, चरावयास येऊ लागले. माणसाची चाहूल लागताच ते दिसेनासे होई. उद्यानात काही नवलाचे पाहिलेस काय, असे राजाने विचारले, तेव्हा माळ्याने हरणाची हकीकत सांगितली आणि थोडा मध मिळाला तर ते थेट राजवाड्यात आणून दाखवतो, असा शब्द दिला. मध मिळाला. माळी रोज गवताला मध फाशी. हरणाला त्या गोडीची चटक लागली. प्रथम ते माळ्याला पाहून पळे, पुढे त्याच्या हातचे खाऊ लागले आणि एके दिवशी त्या गोड गवतामागोमाग चालत राजवाड्यात आले. मागून दारे बंद झाली. चहूकडे माणसे पाहून ते थरथर कापू लागले. जेथे माणूस दिसला तेथे आठवडाभर न फिरकणारा आणि जेथे भय वाटले तेथे जन्मात परत न येणारा हा प्राणी जिभेच्या लोभाने येथवर आला, असे म्हणून राजाने त्याला पुन्हा वनात सोडून दिले. ‘वातमृग जातक’ या पाली कथेचे कथानक ते एवढेच.

या कथेत धनुष्यबाण कोठेही नाही. राजाला हरिण मारावयाचे नव्हते. त्याला ते फक्त पाहावयाचे होते. आज वन्य प्राण्याचे छायाचित्र मिळावे म्हणून रानवाटेवर कॅमेरा लावून त्यासमोर मांसाचा तुकडा, गूळ किंवा धान्य ठेवणाऱ्याचीही नेमकी हीच बाजू असते. आपण काही मारीत नाही, केवळ पाहतो, असे तो म्हणतो. ही बाजू कायद्यापुढे कितपत टिकते, हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही आणि त्याचे उत्तरही वाटते तितके सरळ नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अभयवनातील मृग, पक्षी व मासे यांना बांधणारा, मारणारा किंवा इजा करणारा उत्तम दंडास, म्हणजे सर्वांत मोठ्या दंडास, पात्र ठरवला आहे. बंधन, वध आणि हिंसा, असे तीन अपराध तेथे सांगितले आहेत. लालूच त्यांत नाही. पुढे 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव जंगलात नियमांविरुद्ध शिकार करणे, पाण्यात विष कालवणे, सापळे व फासे लावणे यांस गुन्हा ठरवले. पण आमिष तेव्हाही बाहेरच राहिले. त्याला कारण होते. मचाणाखाली रेडकू बांधून वाघाची वाट पाहणे ही त्या काळच्या शिकारीची प्रतिष्ठित रीतच होती. काशीनरेशांची शिकारीची राने वाराणसीच्या दक्षिणेस चकियाच्या डोंगरात होती. आजचे चंद्रप्रभा अभयारण्य ते हेच. राजे, पाहुणे आणि साहेब ज्या रीतीने शिकार करीत, ती रीत गुन्हा ठरण्याचा प्रश्नच नव्हता.

त्याच संयुक्त प्रांताच्या उत्तरेकडील जंगलांत मात्र वनखात्याचा एक अधिकारी वेगळ्या खटपटीत होता. एफ. डब्ल्यू. चँपियन हे त्याचे नाव. त्याने रानवाटेवर एक बारीक तार ताणली आणि ती कॅमेऱ्याला व झगझगीत उजेड पाडणाऱ्या यंत्राला जोडली. रात्री वाघ त्या वाटेने गेला की त्याचा पाय तारेत अडके आणि त्याचे छायाचित्र त्याच्याच हातून, किंवा पायाने म्हणा, निघे. 1927 साली त्याचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आजच्या स्वयंचलित कॅमेऱ्याचा हा पूर्वज होय. तारेच्या जागी आता प्राण्याच्या अंगची उष्णता व हालचाल ओळखणारा संवेदक आला, इतकाच फरक. चँपियनची मुख्य भिस्त वाघाच्या वाटा ओळखण्यावर होती. त्या विद्येला वर्षे लागतात. रेडकू बांधण्यास एक दोर पुरतो.

स्वातंत्र्यानंतर बंदुका हळूहळू मागे पडल्या, पण दोर राहिला. प्रवाशांना सिंह दिसावेत म्हणून गीरमध्ये जनावर पुढे करून ‘सिंहदर्शन’ घडवले जाई. वाराणसी जिल्ह्याचाही गीरशी एक संबंध आहे. 1957 साली गीरचा एक सिंह व दोन सिंहिणी चंद्रप्रभेत आणून सोडल्या. त्यांची संख्या अकरापर्यंत वाढली आणि 1965 च्या सुमारास ते सारे नाहीसे झाले. गीरमधील दर्शने मात्र 1987 पर्यंत चालली. पुढच्या दुष्काळात तेथे माणसांवरील हल्ले वाढले, तेव्हा अभ्यासकांनी जी कारणे नोंदवली त्यांत ही दर्शने बंद झाल्याचेही एक कारण होते. माणूस आला की अन्न येते, हा धडा माणसानेच त्या सिंहांना दिलेला होता. राजवाड्यातल्या हरणाचे भय गेले ते त्याच्याच जिवावर बेतले. सिंहाचे भय गेले तेव्हा ते माणसाच्या जिवावर बेतले.

कायद्याने पहिले पाऊल टाकले ते मात्र सिंहासाठी नव्हे, बांधलेल्या रेडकासाठी. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा अधिनियम 1982 मध्ये दुरुस्त झाला. केवळ करमणुकीसाठी एखादे जनावर दुसऱ्याचे भक्ष्य व्हावे म्हणून कोंडणे हा त्यात गुन्हा ठरला, आणि व्याघ्र अभयारण्यात किंवा अन्य अभयारण्यात आमिष म्हणून जनावर बांधणे याचा त्यात स्पष्ट उल्लेख झाला. छायाचित्रासाठी जिवंत बकरू बांधणाऱ्याला यानंतर फारशी पळवाट उरत नाही.

पण मृत मांसाचे काय? मधाचे काय? येथे 1972 चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम पाहावा लागतो. या अधिनियमाने शिकारीची व्याख्या मुळातच विस्तृत केली होती; 1 एप्रिल 2003 पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने त्या व्याख्येत पकडणे, पाठलाग करणे, फासे व सापळे लावणे आणि हाका घालणे यांच्या पंक्तीला ‘बेटिंग’ हा शब्द आणून बसवला आणि तसा प्रत्येक प्रयत्नही शिकारच मानला. शब्दशः वाचले तर निकाल लागला: आमिष दाखवणे हीच शिकार, मग शेवटी बंदूक असो वा कॅमेरा. तथापि वकिलाला येथे दोन आधार सापडतात. एक, हा शब्द पकडण्या-मारण्याच्या शब्दांच्या सोबतीने आला आहे, तेव्हा त्याचा अर्थही त्या सोबतीवरून घ्यावा. दुसरा, इंग्रजीत हा शब्द आमिषाला लागतो तसाच जनावरांना चेतवून झुंजवण्यालाही लागतो. आणि अधिनियमाने त्याची व्याख्या केलेली नाही. मुद्दे विचारात घेण्याजोगे खरे. परंतु फासे, सापळे आणि हाके यांच्या रांगेत उभ्या असलेल्या शब्दाचा अर्थ झुंज असा लावणे ओढूनताणूनच होईल. शिवाय शिक्षण व शास्त्रीय संशोधन यांसाठी शिकारीच्या व्याख्येत येणारी कृत्ये करावयाची असल्यास मुख्य वन्यजीव रक्षकाचा परवाना घेण्याची सोय याच अधिनियमात ठेवली आहे. संशोधकाला जेथे परवाना लागतो तेथे हौशी छायाचित्रकाराला मोकळीक असावी, हे तर्काला धरून नाही.

अभयारण्याच्या हद्दीत तर संशयाला जागा आणखी कमी. तेथे छायाचित्रणासाठी प्रवेशही परवान्याने मिळतो, आणि 2022 च्या दुरुस्तीने त्या परवान्याला अट जोडली की, अधिवासात काही बदल होता कामा नये आणि अधिवासाला वा वन्य जीवांना उपद्रव होता कामा नये. याच दुरुस्तीने सर्वसाधारण गुन्ह्याच्या दंडाची मर्यादा 25 हजार रुपयांवरून एक लाखावर नेली.

आमिषाशिवाय छायाचित्रे मिळतच नाहीत, हा युक्तिवाद चँपियननेच निकालात काढला होता. 2018 च्या व्याघ्रगणनेत देशभर 26,838 ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले. तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांवर छायाचित्रे निघाली. त्यांपैकी 76,651 वाघांची होती. वाघाच्या दोन्ही कुशींवरील पट्टे निराळे असल्याने वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लागतो. वाट बरोबर ओळखली की वाघ तेथून जातोच.

इतके झाल्यावर पुन्हा काशीस यावे लागते. हिवाळ्यात दशाश्वमेधापासून पंचगंगेपर्यंत गंगेवर कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. नावाडी त्यांना सरसकट ‘सायबेरियन’ म्हणतात. महाराष्ट्रातून आलेली कुटुंबे भोसले घाटापाशी नावेत बसतात, बेसनाच्या शेवेची पुडी विकत घेतात आणि हाळी देऊन शेव उधळतात. मासे व किडे खाणारे पक्षी तळलेल्या, खारवलेल्या पिठासाठी झेपावतात आणि त्या क्षणी छायाचित्र निघते. रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा हा सुमारे सात किलोमीटरचा प्रवाह 1989 पासून कासवांचे अभयारण्य होता. अभयारण्यात वन्य प्राण्यांना सतावण्यास अधिनियमाची स्पष्ट मनाई आहे. 2020 मध्ये अभयारण्याचा तो दर्जा काढून घेण्यात आला, आणि त्याबरोबर ती मनाईही नदीवरून उठली. उरली ती शिकारीची सर्वसाधारण व्याख्या. पण ती शेवेच्या पुडीला लावावी, असे कोणाच्या मनात येत नाही. भाविकाच्या मनात ते दाणे घालण्याचे पुण्य असते, आणि त्याला शिकारी म्हणणे कोणाच्याही जिभेवर येणार नाही.

जानेवारी 2021 मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीने जिल्हा प्रशासनाने नावेतून पक्ष्यांना खाऊ घालण्यास मनाई केली. लगेचच एका नामवंत क्रिकेटपटूचे गंगेवर पक्ष्यांना खाऊ घालतानाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि गवगवा झाला. आधार घेतला गेला तो रोगाच्या साथीचा; वन्यजीव अधिनियमाचे नाव त्या मनाईत पुढे आले नाही. पर्यटकांना नियम ठाऊक नसणे शक्य आहे, अशी भूमिका घेऊन प्रशासनाने कारवाईचा रोख ठेवला तो नावाड्यावर. जातकातही मध मागितला होता तो माळ्यानेच. पाहावयाचे होते ते राजाला.