एका जेवणावरचा खो

तुमची एसटी उस्मानाबादच्या स्टँडवर थांबते. साल २००६. ‘धाराशिव’ लोकांच्या तोंडी आहे, पण सरकारी पाटीवर यायला त्याला अजून सतरा वर्षं आहेत. उन्हं कलली आहेत. तुम्ही चालत मैदानावर येता. दोन टोकांना दोन खांब, मध्ये फक्कीने आखलेले आठ चौकोन.

बसा. त्या चौकोनात खरोखर बसून बघा. हातभर जागासुद्धा नाही. दोन्ही तळहात जमिनीवर, एक पाय मागे रोवलेला, भार बोटांवर. दोन मिनिटांत मांड्या भरून येतात. पाठीवर थाप आणि ‘खो’ एकदमच आले की उठायचं. एकदा दिशा धरली की वळता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. पळणारी हुलकावणी देऊन खांबाशी जाते. तिला गाठायचं तर एका हाताने खांब धरून अख्खं अंग पलीकडे झोकून द्यायचं. छाती जमिनीवर आपटते, कोपर सोलून निघतं.

तुमच्या खाली माती आहे.

याच सुमारास, वयाच्या तेराव्या वर्षी, सारिका काळे खो-खो खेळू लागते. वडील अपंग, त्यांची कमाई तुटपुंजी. आई शिवणकाम करते. मुलगी आजी-आजोबांकडे राहते. पुढे सारिका स्वतः सांगणार आहे, की जवळजवळ दहा वर्षं तिला दिवसातून एकदाच जेवायला मिळत होतं. शिबिराला किंवा स्पर्धेला गेलं की तेवढ्यापुरती चांगली सोय व्हायची. हे वाचून पुढे जाऊ नका. संध्याकाळी दोन तास सूर मारून ती घरी जाते तेव्हा तिच्याबरोबर चाला, आणि रात्रीच्या जेवणाची वेळ तशीच निघून जाताना बघा.

आता २०१६. गुवाहाटीत दक्षिण आशियाई स्पर्धा. भारताच्या महिला संघाची कर्णधार उस्मानाबादची सारिका आहे, आणि संघ सुवर्ण जिंकतो. गळ्यात पदक असलेली मुलगी सुखात असेल असं तुम्हाला वाटतं. पण याच वर्षी घरच्या ओढगस्तीला कंटाळून ती खेळ सोडायचं ठरवते आणि खोलीचं दार लावून घेते. आजी तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांना कळवते. ते तिला समजावतात, आणि ती मैदानावर परत येते. सुवर्णपदकाइतकाच मोठा क्षण हाच आहे, असं मला मनापासून वाटतं. त्या दाराबाहेर कुणी गेलंच नसतं तर?

ऑगस्ट २०२०. कोरोनामुळे राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांचा सोहळा पडद्यावर होतो आहे. सारिकाला अर्जुन पुरस्कार मिळतो. खो-खोला हा मान बावीस वर्षांनी मिळतो आहे. याआधी १९९८ साली तो शोभा नारायण यांना मिळाला होता. एव्हाना सारिका तुळजापूरला क्रीडा अधिकारी आहे. सरकारी नोकरी मिळाली, घर सावरलं.

जानेवारी २०२५, दिल्ली. पहिला खो-खो विश्वचषक. मातीऐवजी मॅट, डोळे दिपवणारे दिवे. अंतिम सामन्यात भारताच्या मुली नेपाळला ७८-४० असं हरवतात, आणि त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे आहे. टाळ्या वाजवा, मनसोक्त वाजवा.

मग आजच्या तारखेला परत या. तुळजापूरला देवीच्या दर्शनाला निघालात, तर वाटेत जिथे कुठे मुली खो-खो खेळताना दिसतील तिथे संध्याकाळी थांबा. सामना बघा. आणि निघण्याआधी त्यांच्या सरांना एवढंच विचारा: पोरी रात्री जेवतात ना?