होट्टल येथील तीन शिलालेख

नांदेड जिल्ह्याच्या देगलूर तालुक्यांतील होट्टल हें गांव कल्याणीच्या चालुक्यांच्या काळांतील देवालयांमुळें संशोधकांस परिचित आहे. तेथें जतनाचें काम चालूं असतां सन २०२४ मध्यें राज्य पुरातत्त्व विभागास ढिगाऱ्याखालीं एका शिवालयाचें जोतें व तीन शिलालेख आढळले. त्यांचा काल इ. स. १०७० च्या सुमाराचा ठरविण्यांत आला असून मंदिराच्या उभारणीस साह्य करणाऱ्या दात्यांचे त्यांत उल्लेख आहेत. वार्ता लहान दिसते. परंतु आमच्या मतें तिचें महत्त्व लहान नाहीं.

इ. स. १०७० म्हणजे शके ९९२. त्यापूर्वीं दोनच वर्षें, १०६८ त, पहिल्या सोमेश्वरानें तुंगभद्रेंत देह ठेविला होता व त्याचा ज्येष्ठ पुत्र दुसरा सोमेश्वर, भुवनैकमल्ल, गादीवर आला होता. १०७६ त त्याचा धाकटा भाऊ सहावा विक्रमादित्य यानें त्यास पदच्युत केलें. या भाऊबंदकीची हकीकत बहुधा बिल्हणाच्या विक्रमांकदेवचरितावरून सांगितली जाते. या काव्याचें हस्तलिखित ब्यूलर यांस जेसलमेरच्या जैन भांडारांत मिळालें व त्यांनीं तें १८७५ त छापून प्रसिद्ध केलें. ग्रंथ अमोल खरा. पण कवि विक्रमादित्याचा आश्रित होता. त्याच्या काव्यांत वडील भाऊ मदांध ठरतो व धाकटा शिवाज्ञेनें राज्य स्वीकारतो. विजेत्याच्या दरबारची ही साक्ष एकटीच ग्राह्य धरणें न्याय्य नव्हे. पराभूताच्या कारकीर्दींतील शिळा हीच तिची उलटतपासणी होय. त्या राज्यांत लोक देवालयांस दान देत होते, एवढें जरी होट्टलच्या लेखांनीं सांगितलें, तरी तें बिल्हणानें न सांगितलेलें आहे.

शिळांनीं या प्रांताचा इतिहास पूर्वींहि उजळला आहे. राष्ट्रकूटांच्या ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ या बिरुदांतील लट्टलूर म्हणजे आजचें लातूर, ही ओळख कोरीव लेखांमुळेंच पटली. नांदेड जिल्ह्यांतील लेखांचा रित्ती व शेळके यांचा संग्रह १९६८ त निघाला. होट्टलचे नवे लेख त्यास मोलाची पुरवणी होत.

आमची सूचना इतकीच. जोत्यावर पुनर्रचना होण्यापूर्वीं लेखांचे ठसे घ्यावे व प्रत्येक शिळेची मूळ जागा नकाशावर नोंदवावी. नंतर राजनाम, तिथि-वार, दात्यांचीं नांवें व गांवें यांची छाननी करून मूळ पाठासह लेख छापावे. संग्राहक मित्रांसहि विनंति आहे कीं, वाड्याच्या भिंतींत वा बारवेच्या पायरीवर अक्षरें दिसल्यास दगड घरीं आणूं नये. ठसा व छायाचित्र घेऊन स्थळ टिपून ठेवावें. जागेवरून हललेला लेख हा पुष्पिका गळालेल्या पोथीसारखा होय : मजकूर हातीं राहतो, तो कोणी, कोठें व कशासाठीं लिहविला, हें मात्र कायमचें हरवतें.