पुण्याचे नाक आणि जैवमुद्रण : एक ऐतिहासिक टिपण

मानवी पेशी शाईप्रमाणे वापरून यंत्राच्या साहाय्याने त्यांचे थर रचावयाचे व त्यातून जिवंत ऊती घडवावयाची, या तंत्रास जैवमुद्रण म्हणतात. संगणकयुगातील शोध म्हणून त्याचा उल्लेख होतो व यंत्रापुरता तो योग्यच आहे. परंतु या तंत्रापुढील सर्वांत अवघड प्रश्न जुना आहे. नव्याने घडविलेल्या भागास रक्त पोहोचवायचे कसे? या प्रश्नाचे एक उत्तर अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळील एका कारागिराच्या हाती होते.

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ‘बी. एल.’ या आद्याक्षरांनी एक पत्र प्रसिद्ध झाले. इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला, असे त्यात नमूद आहे. हे कथन कंपनीच्या बाजूचे आहे, याचे भान वाचताना ठेवावे लागते. नावही पारशी वाटते. पत्रलेखक मात्र त्यास शेतकरी जातीचा मराठा म्हणतो. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. पुढे वीट पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्यास नवे नाक बसविले. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती.

रीत अशी. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकारात बसवून तो कपाळावर सपाट ठेवीत व भोवती रेघ आखीत. त्या रेघेवर कातडी सोडवीत, पण दोन डोळ्यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी तशीच राखीत. मग कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणीत व नाकाच्या जागी घेतलेल्या चिरेत तिच्या कडा बसवीत. वर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजविलेली फडकी. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापीत, कारण तोवर नव्या जागेतून रक्त मिळू लागलेले असे. सारे यश त्या पट्टीत होते.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये ही रीत अवलंबिली व १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. रोग्याचे नाव, डॉक्टरांची नावे टिकली. ज्याच्या हातांनी हे केले त्याचे नाव कोणी टिपून ठेवले नाही.

जैवमुद्रणाचा आरंभ १९८८ मध्ये टेक्सासात रॉबर्ट क्लेबे यांच्या प्रयोगाने झाला. त्यांनी शाई फवारणारा साधा प्रिंटर वापरला होता. पेशी मांडणे पुढे सुकर झाले, पण रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपलीकडे असलेली पेशी प्राणवायूअभावी फार काळ जगत नाही. म्हणूनच पहिली फळे रक्तवाहिन्या नसलेल्या भागांत दिसली. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने तेथील आयआयटी व सीसीएमबी यांच्यासह मुद्रित केलेले बुबुळावरील पारदर्शक पटल, म्हणजे कॉर्निया, २०२२ मध्ये सशाच्या डोळ्यात बसविले. त्याच वर्षी अमेरिकेत रोग्याच्या स्वतःच्या पेशींपासून मुद्रित केलेला कूर्चेचा कान बसविण्यात आला. यकृत व मूत्रपिंड यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे रक्तवाहिन्यांचे जाळेच प्रथम मुद्रित करावे लागते.

भाजलेल्या रोग्यांसाठी मुंबईच्या शीव रुग्णालयात २००० मध्ये त्वचापेढी सुरू झाली. मृतांनी दिलेली त्वचा जखम काही आठवडे झाकते, नंतर शरीर ती नाकारते. कायमची त्वचा रोग्याच्या स्वतःच्या अंगावरूनच घ्यावी लागते, आणि फार भाजलेल्याच्या अंगावर ती थोडीच उरलेली असते.